उचललेला धोंडा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. बांधलेलं घर उचलून दुसरीकडे नेऊन पाहावं, असं मात्र कुठल्याही शहाण्या माणसानं म्हणून ठेवलेलं नाही. अंकुश खोब्रागडेनं ते करायचं ठरवलं तेव्हा मोहखेडीच्या लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, भावनाकडे पाहिलं, आणि मग आपापसांत ठरवून टाकलं की वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला उन्हाळा जरा जास्तच बाधतो.

मोहखेडी हे नागपूरच्या दक्षिणेला, बेशाच्या पलीकडचं गाव. पलीकडचं म्हणायचं ते आता नावापुरतं, कारण बेसा दर वर्षी चार वावरं गिळत त्याच्याकडे सरकत आला आहे. गावाच्या बौद्ध वस्तीत अगदी कडेला अंकुशच्या वडिलांचं, धोंडबांचं घर होतं. नवा रस्ता नेमका त्या घरावरून जाणार होता. बदल्यात वस्तीच्याच मागच्या अंगाला तेवढीच जागा मिळाली होती.

घर म्हणजे काही वाडा नव्हता. तीन खोल्या, पुढं ओसरीसारखी सपरी, वर कवेलू, म्हणजे कौलं. पण भिंती पाहाव्यात. काळ्या धोंड्यांच्या, चांगल्या दोन हात जाड, आणि त्यांत चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावासुद्धा नाही. धोंड्यावर धोंडा, बस. खाली रुंद आणि वर जाता जाता किंचित आत कललेल्या. खिडक्या बाहेरून वीतभर आणि आतून पसरट, त्यामुळे उजेड आत यायचा आणि ऊन बाहेर राहायचं. मे महिन्यात नागपुरातले कूलरही गरम वारा फेकायला लागतात, तेव्हा त्या घरात माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. एकही धोंडा घडीव नव्हता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. या धोंड्यांना टाकी कधी लागलीच नव्हती, कारण ते खदानीनं टाकून दिलेले होते.

धोंडबा तरुणपणी खदानीत दगड फोडायचे. त्यांनी फोडलेल्या दगडांतून गावातल्या मोठ्या घरांची जोती झाली, नाल्यावरच्या पुलाचे खांब झाले. वस्तीत मात्र सगळ्यांच्या भिंती कुडाच्या. छप्पन्न साली ते वडिलांबरोबर पायी नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून त्यांनी दीक्षा घेतली, आणि परत येऊन म्हणाले, आता घर दगडाचं बांधीन. खदानीत जो धोंडा वाकडा निघे, ज्याचा कोपरा उडालेला असे, ज्याला ठेकेदार हात लावत नसे, तो धोंडबा आणि त्यांची बायको संध्याकाळी डोक्यावर घेऊन यायचे. असं करत करत घर उभं राहिलं. अंकुशला त्याचा भारी अभिमान. ऑफिसात कुणी सहज घराचा विषय काढला तरी हा सांगायचा, "माह्या बाबानं एकट्यानं बांधलं." त्यात आईचं नाव राहून जातं, हे भावना त्याला दर वेळी ऐकवायची.

रस्त्याची खूण पडली तेव्हा धोंडबा नव्वदीला टेकले होते. डोळे गेलेले, रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. अंकुशनं त्यांना बेशाच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. पंखा, गादी, उशाला पाण्याचा तांब्या, कशाची म्हणून कमी नव्हती. पण म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवण निम्म्यावर आलं. कसली तक्रार नाही, कसलं मागणं नाही. कुणी जवळ बसलं की तेवढं एकच वाक्य, "अंकुश, मले घरी ने गा."

हे ऐकून ऐकून अंकुशचा जीव तुटायला लागला. त्यानं ठरवलं की बाबांना त्यांच्याच घरात न्यायचं. जागा नवी, पण घर तेच. ज्या धोंड्यावर जो धोंडा होता तो तसाच. आणि तेही मृगाच्या आत, कारण म्हाताऱ्याच्या अंगात किती दिवस उरलेत ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

आता हा माणूस जन्मभर फायली लावत आलेला. त्याला एकच उपाय सुचणार आणि तोच सुचला. त्यानं घरातल्या एकेका धोंड्यावर नंबर घालायला घेतले. भावनानं ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला होता. तो म्हणाला, "बाबाच्या धोंड्यावर ऑइलपेंट? तो तं जन्मात निघणार नाही." नुकतीच जयंती झाली होती आणि विहाराला द्यायला कालवलेला निळा रंग, म्हणजे चुन्यात मिसळलेली नीळ, दोन बादल्या उरला होता. अंकुशनं तोच घेतला. जयंतीचा रंग, बाबांचं घर, आणि काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून टाकता येईल. या तिन्ही गोष्टी त्याला इतक्या जुळून आल्यासारख्या वाटल्या की शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय होतो याचा त्यानं विचारच केला नाही.

कवेलू उतरले, छपराच्या बल्ल्या उतरल्या, आणि भिंत उकलायला सुरुवात झाली. कामाला दोन मिस्त्री होते. ट्रॅक्टर रुपरावचा होता. रुपराव हा अंकुशचा शाळेपासूनचा दोस्त, गावातला संत्र्याचा बागायतदार. हंगामात त्याचा ट्रॅक्टर कळमन्याच्या बाजारात संत्री नेतो, उन्हाळ्यात रिकामा असतो. रुपरावचं मत पहिल्या दिवसापासून स्वच्छ होतं. "अंकुश गा, स्लॅब टाक अन् मोकळा हो. बुढ्याले दिसते थोडंच?"

"दिसत नाही, पण समजते," अंकुश म्हणाला.

भिंतीचा वरचा थर काढला आणि अंकुश ओणवा होऊन आत पाहायला लागला. तो या घरात जन्मला, वाढला, या भिंतीला टेकून त्यानं परीक्षांचे अभ्यास केले, पण भिंतीचं पोट त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते कुणीच पाहिलेलं नसतं. त्याला वाटलं होतं, बाहेरून नीट लावलं असेल आणि मध्ये भरताड घातली असेल. सगळी दुनिया तसंच करते. पण आत भरताड नव्हती. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि त्या दोघांच्या मधल्या अंधारात मुठीएवढे, लिंबाएवढे, बोटाएवढे चिपे असे बसवलेले होते की एकाला हात घातला तर शेजारचे चारही हातात यावेत. जागोजागी एखादा लांब धोंडा आडवा जाऊन दोन्ही बाजूंना धरून होता. जे कुणाच्या दृष्टीस कधीच पडणार नव्हतं, तिथंही तीच निगुती होती. दिवसभर खदानीत हाडं मोडून आलेला वीस-बावीस वर्षांचा पोर कंदिलाच्या उजेडात हे चिपे बसवत असेल, हे अंकुशच्या डोळ्यांपुढे आलं. त्यानं पाय खाली सोडले आणि तो भिंतीवरच बसून राहिला. एक मिस्त्री जवळ आला. त्यानं आत वाकून पाहिलं आणि डोक्याला बांधलेला गमछा सोडून हातात घेतला.

चार-पाच दिवसांत घर उकललं. नव्या जागेवर ट्रॉल्या रिकाम्या व्हायला लागल्या. धोंडे हातानं उतरवायचे, नंबरवार मांडायचे, असं अंकुशनं ड्रायव्हरला बजावून सांगितलं होतं. पण ऊन असं की हातात घेतलेला धोंडा तव्यासारखा भाजायचा, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं ट्रॉली सरळ उलटी केली. अंकुश धावत आला, ढिगाकडे पाहिलं, आणि स्वतःच म्हणाला, "जाऊ दे, नंबर हायेत ना. मंग लावून घेऊ." त्यानंतर सगळ्याच ट्रॉल्या उलट्या झाल्या.

शेवटची ट्रॉली पडली त्याच दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं. वैशाखातली वावटळ ती, येते तशी जाईल, असं म्हणेपर्यंत गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या गारा, आणि मागोमाग धो धो पाऊस. अंकुश आणि भावना शेजारच्या गोठ्यात उभे राहून पाहत होते. ढिगाखालून आधी एक निळा ओघळ निघाला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळ्या उतारावरून निळं पाणी वाहायला लागलं. पाऊस थांबला तेव्हा ढीग काळाभोर आणि लखलखीत दिसत होता. एकाही धोंड्यावर आकडा नव्हता.

भावना बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिनं ऑइलपेंटचं नावही काढलं नाही, आणि त्यामुळेच अंकुशच्या तोंडचं पाणी पळालं.

फोनमध्ये फोटो होते. अंकुशनं भिंतींचे फोटो घेतले होते, सगळ्या बाजूंनी. तो फोन घेऊन ढिगाशी बसला. एक धोंडा समोर ठेवायचा, फोटो मोठा करायचा, आणि शोधायचा. फोटोत सगळे धोंडे सख्ख्या भावांसारखे दिसत. शिवाय फोटोत धोंड्याचं फक्त तोंड होतं. त्याचं अंग भिंतीत किती खोल गेलं होतं ते कुठून कळणार? आणि भिंतीच्या पोटातल्या चिप्यांचा तर फोटोच नव्हता. दोन दिवस डोळे फोडून त्याला जेमतेम ओंजळभर धोंडे ओळखता आले, आणि त्यातलाही एक तीन ठिकाणी बसत होता. मिस्त्री म्हणाले, सिमेंट आणा, कसेही लावून देतो, वरून सांध्यांवर पट्ट्या मारून दगडी दिसेल. अंकुश नाही म्हणाला. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेले. दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय ते अंकुशला आता नीट कळलं.

घरी धोंडबांचं तेच चाललं होतं. "झालं का गा घर?"

दोन दिवस अंकुश "होऊन राहिलं, बाबा" म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं दुपारचं ताट तसंच सरकवलं तेव्हा त्याच्यानं राहवेना. तो खाटेच्या कडेला बसला आणि सगळं सांगून टाकलं. नंबर, निळा रंग, उलट्या ट्रॉल्या, गारा. "आता घर होत नाही, बाबा. कोणता धोंडा कुठी होता, काहीच समजत नाही."

धोंडबा ऐकत होते. "नंबर?" ते म्हणाले. "कायचे नंबर?"

"धोंड्यायचे. कोणावर कोण होता त्याचे."

म्हातारा हसायला लागला. कितीतरी दिवसांनी. हसता हसता खोकला लागला आणि भावना पाणी घेऊन धावत आली. "अरे, मी काय नंबर पाहून लावलं होतं?"

"मंग कसं लावलं होतं?"

"हाती आला तो लावला."

अंकुशला वाटलं, बाबांना आठवत नाही. एवढ्या निगुतीनं लावलेली भिंत आणि हाती आला तो लावला? तो म्हणाला, "असं कसं होईन, बाबा? म्या आतून पाहिली ना भिंत."

धोंडबा कुशीवर वळले. त्यांनी चाचपत अंकुशचा हात धरला. "पह्यले जागा पाहाची. मंग ढिगात धोंडा पाहाचा. पाहाले कितीबी टाइम लाव. पण एकडाव उचलला, का खाली नाही ठेवाचा. इथं नाही बसला तं तिथं पाह्य. तिथं नाही बसला तं फिरवून पाह्य. पण खाली नाही टाकाचा."

"काहून?"

"खदानीनं त्याले एकडाव टाकलाच हाये ना," म्हातारा म्हणाला. "आपणबी टाकला तं तो जाईन कुठी?"

अंकुशनं आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली होती, जयंतीला दोन-चार केलीही होती. पण या वाक्यापुढं त्याला आपलं सगळं शिकणं-बोलणं थिटं वाटलं. मग उठून त्यानं बाबांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढं केलं, आणि त्यांनी चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या जागेवर एकटाच गेला. पाया भरलेला होता. सगळ्यांत थोराड धोंडे तळाला जातात एवढं कळायला मिस्त्री लागत नाही. त्यानं कोपऱ्यातली जागा पाहिली, ढिगाभोवती फेऱ्या मारल्या, आणि त्यातल्या त्यात आपल्याला झेपेल असा एक धोंडा उचलला. कोपऱ्याशी नेऊन टेकवला. डुगडुगला. फिरवला. पुन्हा डुगडुगला. सवयीनं त्याचे हात धोंडा खाली टाकायला गेले आणि थबकले. आता आली का पंचाईत. पोटाशी धोंडा धरून वीज मंडळाचा हेडक्लार्क उन्हात उभा.

भावना डबा घेऊन आली तेव्हाही तो तसाच उभा होता. तिनं त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. "अहो, ठेवा ना खाली जरासा."

"नाही जमत वं," तो म्हणाला. "बाबानं सांगतलं हाये."

आणि मग एक गंमत झाली. खाली ठेवायचा नाही हे एकदा पक्कं झाल्यावर त्याची नजर बदलली. आतापर्यंत तो त्या धोंड्यात काय कमी आहे ते पाहत होता. आता त्याच्याजवळ काय काय आहे ते पाहायला लागला. एका अंगाला सपाट आहे. एक खांदा वर आलेला आहे. पलीकडच्या बाजूला जोत्यात एक खळगा आहे, त्यात हा खांदा जाईल. त्यानं चार पावलं जाऊन धोंडा उपडा टेकवला. धोंडा किंचित घसरला, आणि मग आतून कुणी धरावा तसा बसला. अंकुशनं दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलेना. त्याच्या अंगावर काटा आला. कोपरा सोडून कुठल्या कुठं बसला होता, पण असा बसला होता जसा त्या खळग्यासाठीच पृथ्वीच्या पोटातून निघाला असावा.

वस्तीत बातमी पसरायला काय वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत बघे जमले. लोक आले ते गंमत पाहायला. पण ढिगाशी उभा राहिलेला माणूस किती वेळ नुसता उभा राहील? "हा पाहा, हा बसंल तिथं," असं म्हणत कुणीतरी धोंडा उचलायचा, आणि उचलला की अडकायचा. भावना कमरेवर हात ठेवून पहाऱ्याला. "भाऊ, आता खाली नाही ठेवाचा." मग तो हसायचा, मग चिडायचा, मग गप्प व्हायचा, आणि मग धोंडा बसला की त्याच्या तोंडावर तेच नवल यायचं जे पहिल्या दिवशी अंकुशच्या तोंडावर आलं होतं. असे बघ्यांचे मिस्त्री झाले. थोर धोंड्याला चौघं मिळून हात घालायचे आणि चौघंही अडकायचे. बायकांनी भिंतीच्या पोटातलं काम आपलंसं केलं. चिपे बसवायला बारीक बोटं लागतात, आणि धीर लागतो, आणि दोन्ही पुरुषांजवळ कमी असतात, असं भावनाचं म्हणणं. अंकुशनं त्यावर वाद घातला नाही.

रुपराव आला तो वाटेतला धोंडा बाजूला सारायला म्हणून वाकला. मोठा कुरूप धोंडा होता, एका बाजूला नाक काढल्यासारखा. "अंकुश, अजूनबी सांगतो, सिमेंट मार," असं म्हणत त्यानं तो उचलला.

"भाऊजी, अडकले," भावना म्हणाली.

रुपराव आधी मोठ्यानं हसला. मग त्यानं तो धोंडा चार ठिकाणी लावून पाहिला. कळमन्याच्या अडत्याचा फोन आला तो त्यानं मान वाकडी करून खांद्यावर घेतला, हातात धोंडा तसाच. शर्ट घामानं भिजला. कुणी म्हटलं, दे इकडं, मी पाहतो. रुपरावनं दिला नाही. उन्हं उतरली तेव्हा दाराजवळ, सपरीच्या भिंतीत, ते नाक दोन धोंड्यांच्या मधोमध गेलं आणि धोंडा बसला. रुपरावनं त्यावरून एकदा हात फिरवला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

अशी भिंत चढत गेली. वाकडा धोंडा, फुटका धोंडा, कोपरा उडालेला धोंडा, प्रत्येकाला कुठं ना कुठं जागा निघत गेली, आणि शेवटी ढिगाच्या जागी नुसती माती राहिली. अंकुश त्या रिकाम्या जागेवर उभा राहून समोरच्या काळ्या भिंतींकडे पाहत राहिला. हे आपल्या हातून झालं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. माणसानं टाकलेलं सगळं इथं एकमेकांना धरून उभं होतं आणि मधे कशाचा लेपसुद्धा नव्हता. त्यानं नकळत हात जोडले.

पण मनात भीतीही होती. घर तेच नव्हतं. एक खिडकी हातभर सरकली होती, एक कोपरा पहिल्यापेक्षा रुंद झाला होता, आणि एकही धोंडा आपल्या जुन्या जागी नव्हता. बाबांना कळणारच. आणि हे माझं घर नव्हे, मला घरी ने, असं ते पुन्हा म्हणाले, तर आता न्यायला कुठलंच घर उरलेलं नव्हतं.

कवेलू चढले आणि मृगाच्या आदल्या आठवड्यात अंकुशनं धोंडबांना आणलं. सकाळची वेळ होती. सगळी वस्ती अंगणात उभी होती. रुपरावही होता, सपरीच्या खांबाला टेकून. अंकुशनं बाबांना धरून दारापर्यंत नेलं आणि त्यांचा तळवा भिंतीवर ठेवला.

म्हातारा तसाच उभा राहिला. मग तळवा उचलून पलीकडच्या धोंड्यावर ठेवला. मग त्याच्या पलीकडच्या. धोंड्यांच्या सांध्यात बोट घातलं.

"हे माह्यं बांधलेलं नाही," धोंडबा म्हणाले.

"नाही, बाबा."

"कोणी बांधलं?"

"आपल्या वस्तीनं. साऱ्यायनं."

"तू बलावलं होतं?"

"नाही, बाबा. आपल्या मनानंच आले."

धोंडबांचा हात भिंतीवरच होता. भावनानं त्यांना बसायला खुर्ची आणली. ते बसले नाहीत.

"म्या बलावलं होतं," ते म्हणाले. "घरोघर गेलतो. हात लावा म्हटलं. कोणी नाही आलं. फक्त तुई माय होती. तू लोकायले सांगत फिरतं ना, बाबानं एकट्यानं बांधलं म्हणून? एकट्यानं बांधाची काय हौस असते, अंकुश?"

जो शब्द अंकुशनं जन्मभर बिल्ल्यासारखा छातीवर मिरवला, तो बाबांनी सत्तर वर्षं असा वाहिला होता.

"लोकायचाबी दोष नव्हता," म्हातारा सांगत होता. "रुपरावच्या आज्यानं सांगून ठेवलं होतं, धोंडबाच्या घराले जो हात लावीन, त्याले गावात काम नाही. तवा सारी वावरं त्यायचीच. मंग कसे येतीन लोकं? पोटं होती."

रुपराव तिथंच उभा आहे हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. रुपरावनं खांब सोडला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. तो गेला असता तर कुणी त्याला अडवलं नसतं. तो गेला नाही.

धोंडबा भिंतीच्या टोकाशी गेले. त्यांनी पहिल्या धोंड्यावर हात ठेवला. "हा कोणाचा?"

मागून एक बाई म्हणाली, "माहा हाये, आजा." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि हात पुढं नेला. "हा?" "माहा, बाबाजी." "हा?" "आम्हा चौघायचा." एकेक करून माणसं पुढं येत होती आणि आपापला धोंडा सांगत होती. कुणाला आठवत नसेल असं अंकुशला वाटलं होतं. पण जो धोंडा पोटाशी धरून माणूस अर्धा दिवस उभा राहतो, तो कसा विसरणार? म्हातारा प्रत्येकापाशी क्षणभर थांबत होता. त्याच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याला सवड नव्हती.

असं करत करत हात दाराजवळ आला. बोटं त्या नाक काढलेल्या धोंड्यावर थांबली.

"हा कोणाचा?"

कुणी बोललं नाही.

"कोणाचा हाये गा हा?"

"माहा, काका," रुपराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता. "मी रुपराव."

म्हाताऱ्याचा हात धोंड्यावर तसाच राहिला. धोंडबांनी दुसराही हात वर आणला, दोन्ही हातांनी तो धोंडा धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हलवून पाहिला.

"पक्का बसला," ते म्हणाले, आणि पुढच्या धोंड्याकडे सरकले.